गाडी मर्यादवेलीच्या अलीकडे थांबवा

जून २०२४ मध्ये कच्छात मुंद्र्याजवळ दोन थार गाड्या रील काढायच्या नादात समुद्रात अडकल्या. चित्रफीत देशभर फिरली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, चार दिवस लोक हसले आणि विषय संपला. गुजरातच्या किनाऱ्यावर हा प्रकार नवा नाही. गाडी रुतते, गावातला ट्रॅक्टर बोलावतात, दोर तुटतो, पाणी चढते, बातमी येते. पुढच्या रविवारी त्याच वाटेने तीस-चाळीस गाड्या पुन्हा वाळूवर उतरतात आणि संध्याकाळी सुखरूप घरी जातात. त्या अडकत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आमचा आक्षेप मुख्यतः या सुखरूप परतणाऱ्या गाड्यांना आहे.

मागणी साधी आहे. वाळूच्या टेकड्या, कासवांची घरटी, पक्ष्यांची वस्ती असलेल्या नैसर्गिक किनाऱ्यांवर खासगी वाहन वर्षभर बंद असावे, मग ते फोर-बाय-फोर असो की मोटरसायकल. आणि ही बंदी पाटीवर लिहून न थांबता डांबरी रस्ता संपतो तिथेच खांब रोवून अमलात यावी.

बडोद्यात बसून समुद्राची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. बडोद्याला समुद्र नाही, पण गाड्या आहेत. मांजलपूर असो, वाघोडिया रोड असो की दांडिया बाजार, सोसायटीच्या आवारात उंच टायरची एखादी तरी गाडी उभी असते आणि दिवाळीच्या सुट्टीत ती द्वारका, शिवराजपूर, माधवपूर, दीव नाहीतर थेट दापोली-गुहागर गाठते. शिवाय संस्थानाच्या काळात ओखामंडळ आणि कोडीनार हे समुद्रकाठचे मुलूख बडोद्याचेच होते. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून ओखामंडळाच्या सागरी जीवसृष्टीची पाहणी करवून घेतली. अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये छापला गेला. त्या काळच्या सरकारला तिथल्या वाळूत आणि खडकांत काय राहते हे नोंदवून ठेवावेसे वाटले. आज त्याच मुलखात बडोद्याच्या, जीजे-०६ क्रमांकाच्या गाड्या वाळूवर गोल गोल घिरट्या घालतात. तेव्हा हा विषय आपल्या पंचायतीबाहेरचा आहे असे निदान बडोदेकरांनी तरी म्हणू नये.

गाडीवाल्याला किनारा म्हणजे एकसलग मोकळी वाळू दिसते. पाण्याकडून गावाकडे चालत गेले तर मात्र चार वेगळे पट्टे लागतात. पहिला ओहोटीत उघडा पडणारा, ओला आणि घट्ट. त्याच्या वरच्या कडेला वाळलेले शेवाळ, शिंपल्या, काटक्या यांची एक वेडीवाकडी रेघ असते, ती शेवटच्या भरतीची खूण. त्यापुढे कोरड्या, भुसभुशीत वाळूचा पट्टा. त्याच्याही मागे मर्यादवेल ही किनारी वेल आणि रावणाच्या मिशा हे वाळूतले गवत यांनी धरून ठेवलेल्या बुटक्या टेकड्या, आणि सगळ्यांत मागे जुन्या उंच टेकड्या, ज्यांवर बहुतेक ठिकाणी वनखात्याने सरू लावला आहे. (सरू अगदी भरतीच्या रेषेपर्यंत आणून लावला की कासवांना घरट्याला जागाच उरत नाही, पण ते भांडण वेगळे.)

शेवाळाची ती रेघ पर्यटकाला कचरा वाटते. प्रत्यक्षात टेकडीचा जन्म तिथे होतो. शेवाळाच्या आडोशाला उडती वाळू अडते, त्यात बी रुजते, वेल पसरते, वेलीत आणखी वाळू अडकते. पावसाळ्यात लाटा या टेकडीतली वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यात शांत समुद्र ती हळूहळू परत आणून टाकतो. मर्यादवेलीच्या लांब फांद्या जमिनीवरून सरपटत जातात आणि पेरापेराला मुळे सोडतात. चाकाखाली पेरे चिरडले की पुढचा सगळा भाग वाळतो. एकाच वाटेने गाड्या जात राहिल्या की टेकडीत खाच पडते, वारा ती खाच पोखरत नेतो आणि वादळात लाटेला गावाकडे यायला आयती वाट मिळते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर विहिरी खाऱ्या होण्याचे मुख्य कारण भूजलाचा बेसुमार उपसा हे आहे, त्याचे खापर गाड्यांवर फोडण्यात अर्थ नाही. पण ज्या शेतकऱ्याची विहीर आधीच मचूळ झाली आहे, त्याच्या आणि समुद्राच्या मधली टेकडीही आपण फोडत आहोत, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

आता जाणकार चालकांचा युक्तिवाद. तो पोकळ नाही, म्हणून नीट पाहायला हवा. ते म्हणतात, आम्ही टायरमधली हवा कमी करतो, ओहोटीत ओल्या घट्ट वाळूवरूनच चालवतो, वेग कमी ठेवतो, कचरा करत नाही. नुकसान नवखे लोक करतात.

हवेचा हिशोब असा. डांबरावर अशा गाडीच्या टायरमध्ये ३२ ते ३५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) हवा असते. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण आतल्या हवेच्या दाबाइतकाच, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. वाळूवर जाताना हवा १५ ते १८ पर्यंत उतरवली की टायर चपटतो, जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि दाब सव्वा किलोच्या आसपास येतो. याहून फार खाली, १२ पीएसआयच्याही खाली गेले तर वळण घेताना टायर रिमवरून सुटण्याची भीती. उभ्या माणसाच्या तळपायाखाली हाच दाब पाव ते अर्धा किलो असतो. म्हणजे जाणकाराची गाडी नवख्याच्या गाडीपेक्षा बरी हे खरे. तरी ती माणसाच्या पावलाच्या अडीच ते पाचपट दाब देते आणि तोही दोन अखंड पट्ट्यांत, किलोमीटरच्या किलोमीटर.

दाबापेक्षा वाईट असते ती वाळूची घुसळण. सुटताना, थांबताना आणि वळताना चाक वाळूला मागे आणि बाजूला ढकलते. हवा कमी केल्याने रुतणे कमी होते, वळताना वाळू कापली जाणे थांबत नाही. रुतल्यावर करायचे उपायही पाहा. ॲक्सिलरेटर न दाबता उतरायचे, चाकांपुढची वाळू फावड्याने काढायची, चाकांखाली रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचेदार फळ्या) सारायचे, हवा आणखी उतरवायची आणि आलेल्याच चाकोरीतून मागे घ्यायचे. चालकासाठी हे सगळे अगदी बरोबर आहे. किनाऱ्यासाठी मात्र यातली प्रत्येक पायरी म्हणजे खोदकाम. त्यातून ट्रॅक्टर बोलवावा लागला, तर गाडीपेक्षा जड चाके त्याच जागी उतरतात.

आणि मुख्य मुद्दा असा की ओल्या वाळूपर्यंत पोचायचे कसे? टेकडी ओलांडून आणि कोरड्या पट्ट्यातूनच. दुसरी वाट नाही. हवा उतरवावी लागते तीच मुळी या भुसभुशीत पट्ट्यासाठी, आणि कासवे नेमकी तिथेच अंडी घालतात.

ओला पट्टाही ओसाड नसतो. पायाने जरा उकरले की इवल्या शिंपल्या निघतात, त्या भरती-ओहोटीबरोबर वरखाली सरकतात. वाळूच्या बारीक गोळ्या रचून नक्षी काढणारे चिमुकले खेकडे इथलेच. रात्री पळणारे फिकट रंगाचे खेकडे थोडे वर, बिळांत राहतात. ऑस्ट्रेलियात अशा खेकड्यांवर झालेल्या अभ्यासांत आढळले की तीसेक सेंटिमीटर खोल बसलेला खेकडा गाडीखाली वाचतो, उथळ बिळातला चिरडला जातो. आणि रात्री ते पृष्ठभागावर असतात तेव्हा खोल बिळाचा उपयोग नाही. ज्या किनाऱ्यांवर गाड्या जातात तिथे त्यांची संख्या कमी भरते. गुजरातच्या खेकड्यांवर बडोद्याच्या विद्यापीठात वर्षानुवर्षे काम झालेले आहे. इथल्या वाचकाला हे प्राणी अगदीच परके नसावेत.

कासवाचे पिल्लू मात्र जवळून पाहण्यासारखे आहे, कारण सगळा वाद त्याच्या मापात मावतो. गुजरातच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले आणि हिरवी कासवे अशा दोन जातींची मादी अंडी घालायला येते. ऑलिव्ह रिडले साधारण अर्धा मीटर खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि वाळू सारखी करून निघून जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले फुटतात. ती लगेच वर येत नाहीत; सगळी मिळून वरची वाळू थोडी थोडी खाली पाडत, तीच वाळू पायाखाली घेत, दोन-चार दिवसांत पृष्ठभाग गाठतात. या काळात वरून गाडी गेली तर अंडी किंवा पिल्ले तिथेच चिरडतील असे नाही. पण वरचा थर दाबून घट्ट होतो, पिल्लांची चढण अडते, हवा खेळत नाही. बाहेरून काहीच कळत नाही. घरटे होते हेही कोणाला ठाऊक नसते.

जी पिल्ले वर येतात ती रात्री येतात. पिल्लू चार सेंटिमीटरचे. भुसभुशीत वाळूतली गाडीची चाकोरी दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल, तिच्या कडा उभ्या आणि ढासळत्या. पिल्लू उतरते, समोरच्या कडेवर चढू पाहते, वाळू सुटते, उलटे पडते, पुन्हा सरळ होते आणि शेवटी जिकडे अडथळा नाही तिकडे, म्हणजे चाकोरीच्या लांबीने, चालू लागते. गाडी नेहमी समुद्राला समांतर चालवली जाते, पिल्लू नेहमी समुद्राकडे आडवे निघते. त्यामुळे किनाऱ्यावर उमटलेली प्रत्येक चाकोरी तिथल्या प्रत्येक घरट्याच्या वाटेत येते. घरट्यापासून पाणी तीस मीटरवर असले तरी चाकोरीत अडकलेले पिल्लू शंभर-दोनशे मीटर भलतीकडे जाते. सकाळी उन्हाने सुकते, नाहीतर कावळा, कुत्रा, खेकडा यांच्या तावडीत सापडते. पिल्लांना दिशा कळते ती उजेडावरून, आणि हेडलाइटचा उजेड समुद्रावरच्या अंधुक उजेडापेक्षा कितीतरी प्रखर असतो. भरतीच्या वरच्या पट्ट्यातली चाकोरी लाटेने पुसली जात नाही. मोठे उधाण किंवा जोराचा वारा येईपर्यंत, कधी कधी कित्येक आठवडे, ती तशीच राहते. शनिवारी दुपारी काळजीपूर्वक चालवलेली गाडी बुधवारी रात्रीच्या पिल्लाला अडवते, ती अशी.

विश्वामित्रीच्या काठावर उन्हाळ्यात मगरीची अंडी असतात, तिथे जेसीबी घालताना चार वेळा विचार करावा लागतो, हे बडोदेकराला समजावून सांगावे लागत नाही. समुद्राच्या वाळूला तेवढाच विचार लागू करायचा आहे.

इथे एक तोडगा नेहमी सुचवला जातो: कासवांच्या हंगामात बंदी ठेवा, एरवी खुले ठेवा. कागदावर समंजस वाटतो, पण गुजरातच्या किनाऱ्यावर असा मोकळा महिना सापडत नाही. हिरवी कासवे पावसाळ्यापासून येऊ लागतात, ऑलिव्ह रिडलेची अंडी हिवाळ्यातही सापडतात. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत उत्तरेकडून आलेले पाणपक्षी ओहोटीच्या मोजक्या तासांत पोट भरत असतात. गाडी आली की थवा उठतो, आणि प्रत्येक उड्डाणात खाल्लेले खर्च होते. मार्चपासून छोटे सुरय आणि चिखल्या उघड्या वाळूवर दोन-तीन अंडी घालतात. घरटे म्हणजे नुसता खळगा, अंडी वाळूच्या रंगाची. पायी चालणाऱ्यालाही ती पाऊलभर अंतरावर आल्याशिवाय दिसत नाहीत. स्टिअरिंगमागे बसलेल्याला कशी दिसणार? म्हणजे हंगाम संपतो तिथे दुसरा सुरू होतो.

परवाना देऊन, वेग बांधून, ठराविक पट्टीतच गाड्या सोडायच्या, हा दुसरा तोडगा. जगात तो चालतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर गाड्या नेता येतात, पण कासवांच्या हंगामात रोज पहाटे पथक किनारा पायाखाली घालून नवी घरटी खुणावते, मग किनारा उघडतो आणि रात्री तो बंदच असतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या गारी बेटावर परवाना लागतो आणि भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास किनाऱ्यावर गाडी न नेण्याची सूचना असते. आपल्याकडे केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला चारेक किलोमीटर घट्ट वाळूवर गाडी चालवू देतात. या व्यवस्थेचा पाया म्हणजे रोज पहाटे चालणारी माणसे. गुजरातचा किनारा देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वांत लांब, आणि त्यावर वनखात्याचे रक्षक किती, हे कोणत्याही किनाऱ्यावरच्या गावकऱ्याला विचारावे. परवान्याची पद्धत आणायची तर पगारी पथके आणावी लागतील. पथके नाहीत तोवर परवाना ही केवळ पावती ठरते. दक्षिण आफ्रिकेने २००२ पासून मनोरंजनासाठी किनाऱ्यावर गाडी चालवणे देशभर बंद केले, सवलती मोजक्या ठेवल्या, आणि तिथल्या काळ्या ऑयस्टरकॅचर पक्ष्याची वीण सुधारली. कमी माणसांत राबवता येणारी पद्धत ती.

सुरक्षिततेचा मुद्दा आम्ही मुद्दाम मागे ठेवला, कारण आजची सगळी बंदी त्याच्यावर उभी आहे आणि म्हणूनच ती लंगडी आहे. तरी बडोद्याहून जवळच्या किनाऱ्याबद्दल सांगितले पाहिजे. जंबुसर तालुक्यातले कावी-कंबोई इथून दीड-दोन तासांवर. तिथले स्तंभेश्वराचे मंदिर भरतीत पाण्याखाली जाते, हे पाहायलाच लोक जातात, आणि त्यातलेच काही जण ओहोटीत गाडी खाली नेण्याचा मोह धरतात. खंभातच्या आखातात उधाणाला पाणी दहा मीटर आणि त्याहूनही जास्त चढते. सहा तासांच्या भरतीत ते सारखे चढत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी अडीच मीटर. पाचशे मीटरला एक मीटर असा सपाट उतार असेल तर त्या तासात पाण्याची कड सव्वा किलोमीटर आत येते, मिनिटाला वीस मीटर. चालत्या माणसाला हे मागे टाकता येते. पण पाणी समोरून येण्याआधी खाचांतून आणि ओढ्यांतून मागे शिरते, आणि गाडी तेव्हा बेटावर असते. खाली वाळू नाही, गाळ आहे. इथे चारही चाके फिरली तरी चारही रुततात. या गाळात निवट्या (चिखलात सरपटणारे छोटे मासे) आणि किडे-खेकडे भरलेले असतात, तेव्हा तो निरुपयोगी चिखल आहे अशीही समजूत नको.

कोकणात आजोळ असलेल्यांना तिथीच्या पाऊणपट केले की भरतीची वेळ येते, हा हिशोब तोंडपाठ असतो. मुंबई-रत्नागिरीला तो बरा जमतो. खंभातच्या आखातात लाट आत पोचायला काही तास जास्त लागतात, म्हणून तोच हिशोब इथे लावला तर ऐन चढत्या पाण्यात गाडी खाली उतरते.

खाऱ्या पाण्यात गेलेल्या गाडीचे पुढे काय होते हे शोरूममध्ये सांगत नाहीत. चालून तापलेला डिफरन्शियल, म्हणजे चाकांच्या आसावरचा गिअरचा डबा, एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, आणि तसेच चालवले की बेअरिंग जातात. ब्रेक, वायरिंगचे जोड, चासीच्या पोकळ पट्ट्या आतून गंजू लागतात. वरून धुतल्याने ते थांबत नाही. थारची मागच्या दोनच चाकांवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२३ पासून बाजारात आहे, दिसायला तीच. ती वाळूत नेणारा आपल्याकडे फोर-बाय-फोर आहे असे समजून नेतो की नाही कोण जाणे, पण वाळूला फरक लगेच कळतो. कायद्यात ‘फोर-व्हील-ड्राइव्ह’ हा शब्द नको, ‘मोटार वाहन’ हाच हवा, त्याचे हेही एक कारण. भाड्याने मिळणाऱ्या चारचाकी एटीव्हीही त्यात आल्या पाहिजेत. दिवसभर त्याच दोनशे मीटरमध्ये फिरणाऱ्या त्या गाड्या कोणत्याही थारपेक्षा जास्त नुकसान करतात.

आता कायदा. सध्या काय होते? एखादी गाडी बुडाली की जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त मनाईहुकूम काढतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. असा हुकूम दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. राज्य सरकारला तो फार तर आणखी सहा महिने लांबवता येतो. हे कलम तातडीच्या प्रसंगासाठी आहे. किनारा ही तातडी नव्हे, ती कायमची जागा आहे. वरातीमागून घोडे धावते, आणि तेही दोन महिन्यांत थकते.

किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या, कासवांची आणि पक्ष्यांची घरटी, खारफुटी, जैविकदृष्ट्या सक्रिय गाळपट्टे हे सगळे सर्वांत संवेदनशील वर्गात आहेत. पण त्या अधिसूचनेचा रोख बांधकाम, भराव, उद्योग यांवर आहे. येऊन-जाऊन असणारी गाडी तिच्या चिमटीत सापडत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर ‘शिकार’ या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे, त्यांना धक्का लावणे येते, आणि समुद्री कासवे पहिल्या अनुसूचीत आहेत. कायदा कडक आहे, पण घरटे वाळूखाली आहे हेच कोणाला माहीत नसताना गुन्हा सिद्ध करणार कसा? म्हणून घरटे मोडल्याचा गुन्हा शोधत बसण्यापेक्षा चाक वाळूवर येणे हाच गुन्हा ठरवायला हवा. गोव्याने २००१ च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्याचा आधार घेऊन किनाऱ्यावर गाडी चालवणे दंडनीय केले आहे. गुजरातला तसा राज्याचा नियम करता येईल. शिवराजपूर आणि दीवचा घोघला या किनाऱ्यांना २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. त्या मानांकनाच्या निकषांत किनाऱ्यावर अनधिकृत वाहनांना मनाई आहेच. तीच शिस्त शिवराजपूरच्या शेजारच्या, पाटी नसलेल्या किनाऱ्याला का नसावी?

नियमापेक्षा खांब जास्त काम करतो. प्रत्येक किनाऱ्यावर गाड्या उतरण्याच्या वाटा मोजक्या असतात, गावात कोणालाही विचारले तर बोटावर मोजून सांगतील. त्या वाटांवर टेकडीच्या गावाकडच्या बाजूला, टेकडीवर नव्हे, खांबांची रांग हवी. जिमनीची रुंदी सुमारे १.६५ मीटर, थारची १.८२, जुन्या जिप्सीची १.५४. दोन खांबांत १.२ मीटर मोकळे ठेवले की या तिन्ही अडतात आणि चाकांची खुर्ची निघून जाते. मोटरसायकल मात्र जाते, म्हणून खांबांमागे दोन आडव्या दांड्या आलटून-पालटून लावून वाट नागमोडी करावी लागते, फक्त खुर्ची वळेल एवढी जागा ठेवून. खांब दोन मीटर लांब, निम्मा जमिनीत. लोखंडी पाइप खाऱ्या हवेत बुडाशी गंजून मोडतो. सिमेंटचा किंवा चांगला जाड लाकडी खांब टिकतो. मोठे दगड स्वस्त पडतात, पण वाळूचोर ते जेसीबीने एका रात्रीत बाजूला करतात. आणि दर पावसाळ्यानंतर फेरी हवीच, कारण उडत्या वाळूने मीटरभर उंच खांब अर्धे बुजले की गाडी वरून जाते.

वाळूचोरांचा उल्लेख आला तो उगाच नाही. “आमच्या एका गाडीने काय होते, रात्री वाळूचे डंपर जातात ते बघा,” हे उत्तर हमखास मिळते. खरे आहे. आणि डंपर जातात ते पर्यटकांच्या गाड्यांनी रुळवलेल्या वाटेनेच. खांब दोघांनाही अडवतो. शिवाय किनाऱ्यावर एकही चाकोरी असायला नको असेल तर सकाळी दिसलेली एक चाकोरीही रात्रीच्या चोरीचा पुरावा ठरते. आज पन्नास चाकोऱ्यांत ती हरवून जाते.

कोळ्यांचे काय? त्यांना अडवणे अन्याय होईल आणि ते चालणारही नाही. होड्या ओढायला ट्रॅक्टर लागतो. त्यासाठी गावाने ठरवलेली एकच पट्टी, चारेक मीटर रुंद, तिला फाटक, किल्ली मच्छीमार मंडळीकडे आणि वनरक्षकाकडे. पट्टी कुठे असावी हे कोळीच ठरवतील; घरटी कुठे पडतात हे त्यांनाच सर्वांत नीट माहीत असते. किनारी अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीची तरतूद आहे आणि तिच्यात स्थानिक पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. ही कामे तिथेच व्हायची. कोकणात वेळासला २००२ पासून गावकऱ्यांनी कासवांची अंडी राखून दाखवली, आणि लोक पिल्ले पाहायला गावात मुक्कामाला येतात, पैसे गावात राहतात. जामनगरजवळ नराऱ्याला, १९८२ साली झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात, लोक गाडी लांब ठेवून ओहोटीत वाटाड्याबरोबर पायी प्रवाळ पाहतात. तिथे गाडी खडकांवर का नेऊ देत नाही म्हणून कोणी भांडत नाही.

ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी गुंडाळून ठेवता येणारी चटईची वाट आणि रुंद चाकांची खुर्ची हवी. ब्लू फ्लॅग किनाऱ्यांवर अशा सोयी अपेक्षितच आहेत. पार्किंगचा पैसा ग्रामपंचायतीला मिळावा. सुट्टीच्या दिवशी दोनशे गाड्या, गाडीमागे पन्नास रुपये, तरी दिवसाला दहा हजार. एका रखवालदाराचा महिन्याचा पगार एका-दोन दिवसांत निघतो. दंडातलाही वाटा पंचायतीला मिळाला तर पाटी कोणी उखडणार नाही.

ज्यांना वाळूत गाडी चालवण्याचाच छंद आहे, त्यांनी खासगी शेतजमिनीवरचे ऑफ-रोड ट्रॅक शोधावेत. मही आणि ओरसंगच्या पात्रातली वाळू हा पर्याय नव्हे. तिथेही टिटव्या आणि सुरय उघड्यावर अंडी घालतात. आणि ऑफ-रोड मंडळांनी एक काम आजच करावे, त्याला सरकारी हुकूम लागत नाही: किनाऱ्यावर उतरण्याच्या वाटांचे जीपीएस नकाशे एकमेकांना पाठवणे थांबवावे. नवी वाट पहिल्या गाडीने पडते, पण टेकडी मोडते ती दोनशेव्या गाडीने, आणि त्या दोनशे जणांना वाट कोणीतरी पाठवलेलीच असते.

खांब कधी रोवायचे, हेही ठरलेले हवे. पावसाळ्यात वाळू हलते, तेव्हा रोवलेला खांब टिकत नाही. गर्दी सुरू होते वसुबारसेपासून आणि ओसरते लाभपंचमीनंतर. म्हणजे गरबे संपून दसरा झाला की हातात सतरा-अठरा दिवस राहतात. एवढ्यात एका तालुक्यातल्या वाटा बंद करणे जमते, पण निविदा भर पावसात, श्रावणातच निघालेली असली तर.